दोन डॉक्टर आणि एक रेडिएटर

"आपणच बदलू या की!" हे वाक्य नेमकं कोण बोललं, याबद्दल सरांना आजही खात्री नाही. शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणतात, सर बोलले. सरांना वाटतं, डॉक्टर बोलले. काकूंच्या मते दोघेही एकदमच बोलले, आणि बोलून झाल्यावर तिसराच कुणी बोलून पळून गेल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिले. सरांची स्मरणशक्ती हा काही भरवशाचा साक्षीदार नव्हे. (ती पहिल्याच उलटतपासणीत फुटते.) तेव्हा पुढच्या हकिगतीत थोडं इकडचं तिकडे झालेलं असू शकेल. पण रेडिएटर होता, तो प्लास्टिकचा होता आणि तो म्हातारा झाला होता, एवढं नक्की. म्हणजे बहुतेक नक्की.

सर तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, म्हणजे पीएच.डी.वाले डॉक्टर. "अमुक असेल तर तमुक असलंच पाहिजे" हे पोरांना पटवण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घरात अमुक असलं की तमुक हमखास सापडत नाही. बाहेर निघताना कुलूप लागलं की नाही हे बघायला ते फाटकापासून परत जात. मग परत जाऊन आपण नीट बघितलं की नाही, हे बघायला पुन्हा जात. तोवर काकू गाडी सुरू करून, आरशात बघून केस सारखे करून, एखादं गाणं गुणगुणून मोकळ्या झालेल्या असत.

गाडी काकूच चालवायच्या. सर एकदाच चालकाच्या जागी बसले होते. चौकात सिग्नल हिरवा झाला, आणि हा खरोखर हिरवाच आहे ना, असा विचार सरांनी इतका सखोल केला की तो पुन्हा लाल झाला. तेव्हापासून गाडी काकूंची आणि काळजी सरांची, अशी वाटणी झाली. दोघांनीही ती निष्ठेने पाळली.

गाडी जुनी होती. लेक शाळेत जायची तेव्हा घेतलेली. आता लेक एका मोठ्या ऑफिसात माणसांना कामाला लावत होती आणि गाडी तीच होती. तिचं एकच महत्त्वाचं काम उरलं होतं. दर रविवारी काकूंना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, माईंकडे घेऊन जायचं. माई डोंगरावरच्या वस्तीत, सोबतीला ठेवलेल्या एका बाईंबरोबर राहत. बस पायथ्याशीच थांबायची, आणि काकूंचे गुडघे तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीलाच थांबायचे.

माई आताशा बरंच काही विसरत चालल्या होत्या. काकूंना मधूनच आईच्या नावाने हाक मारत. सरांना तर त्यांनी एकदा "मीटर बघायला आलात का?" असं विचारलं होतं, आणि वाद नको म्हणून सर मीटर बघून आले होते. पण रमीचा डाव मांडला की माई ताठ बसायच्या. पानं विसरायच्या, पण लबाडी विसरायच्या नाहीत. गेलेलं पान मांडीखालून पुन्हा हातात यायचं, काकू "चोरटी कुठली!" म्हणून ओरडायच्या आणि माई लहान पोरीसारख्या हसायच्या.

"एक रविवार चुकला," काकू एकदा सहज बोलल्यासारखं बोलल्या होत्या, "तर पुढच्या रविवारी ती मला ओळखेलच याचा भरवसा नाही."

आणि नेमकी गेल्याच महिन्यात ती गाडी चढावर उभी राहिली होती. एक रबरी पाइप फाटला, बॉनेटमधून वाफेचे ढग निघाले, आणि लेकीला मीटिंग सोडून आईबापांना उचलायला यावं लागलं. येताना ती काही बोलली नाही. (सरांना तिच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागतं.) दुसऱ्या दिवशी मात्र घरी येऊन तिने निकाल सुनावला.

"बाबा, ही गाडी आता आणखी एकदा जरी रस्त्यात बंद पडली ना, तर मी विकणार. गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

"आणि माई?" सरांनी विचारलं.

"मला सुट्टी मिळेल तेव्हा मी नेईन आईला."

लेकीला सुट्टी धूमकेतूसारखी मिळायची. दिसली म्हणेपर्यंत गेलेली.

गाडीचा नेहमीचा मेकॅनिक, ज्याला सगळी कॉलनी वस्ताद म्हणायची, त्याने पाइप बदलून दिला. जाता जाता रेडिएटरवर टिचकी मारली. "सर, पाइप नवा घातलाय. पण या रेडिएटरच्या टाक्या प्लास्टिकच्या. उकळून उकळून ठिसूळ झाल्यात. आज जाईल नाही तर वर्षानं जाईल. बदलून टाकू, मी गावाहून आलो की." आणि वस्ताद गावी घर बांधायला निघून गेला.

"आज जाईल नाही तर वर्षानं जाईल" या वाक्याने सरांच्या जिवाला घोर लागला.

"वर्षानं म्हणाला ना तो?" काकूंनी समजूत घातली.

"आजही म्हणाला."

"मग आज गेला का?"

"आज अजून संपलेला नाही."

यावर काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. वादात हरायची वेळ आली नाही तरी त्या चहाच ठेवत.

त्यानंतर सर रोज सकाळी बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात रेडिएटर बघू लागले. मूळचं काळं प्लास्टिक वरच्या पाइपाच्या तोंडाशी तपकिरी झालं होतं. एका सकाळी शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणापाशी आले. ते दवाखाना मुलाच्या हाती देऊन घरी बसले होते, आणि हात शिवशिवत असल्यामुळे कॉलनीत कुणी जांभई दिली तरी वाकून बघत.

"काय सर, काय बघताय?"

"डॉक्टर, हा रंग बघा जरा."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, खिशातून तो छोटा गोल आरसा काढला (तो अजून त्यांच्या खिशातच असायचा), आणि रेडिएटरच्या खालच्या अंगाला घालून फिरवला.

"हं. वरवरचे डाग नाहीत हे. मुळापर्यंत गेलंय."

"वाचेल?"

"काढावी लागेल," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. रेडिएटर पुल्लिंगी असतो हे ते क्षणभर विसरले होते.

दुसऱ्या गॅरेजवाल्याला सरांनी फोन केला. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात आणा." म्हणजे मध्ये रविवार. म्हणजे चढ. आणि तेव्हाच ते वाक्य उच्चारलं गेलं, ज्याचा कर्ता आजवर सापडलेला नाही.

नवा रेडिएटर खोक्यातून घरी आला. सरांनी खोक्यावरचं सगळं वाचलं, अगदी 'ही बाजू वर' हेसुद्धा दोनदा. गाडी आदल्या दिवसापासून सुरूही केली नव्हती, तरी इंजिन गार झालंय ना, म्हणून त्यांनी आधी बॉनेटवर, मग रेडिएटरवर आणि शेवटी तुलनेसाठी स्वतःच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. कपाळच जरा गरम लागलं.

"भूल द्यायची नाही ना?" डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाले.

"मला द्या," काकू खिडकीतून म्हणाल्या.

आधी जुनं पाणी काढायचं होतं. नात लहान असताना तिला न्हाऊ घालायचा गुलाबी टब माळ्यावर होता, तो सरांनी गाडीखाली सरकवला. रेडिएटरच्या तळाला प्लास्टिकची छोटी चावी होती. सरांनी ती हळूच फिरवली. फिरली नाही. आणखी हळूच फिरवली. तेव्हा ती चावी मुळासकट त्यांच्या बोटांत आली, आणि हिरवट पाण्याची धार टब सोडून बाकी सगळीकडे, विशेषतः सरांच्या बाहीतून काखेपर्यंत गेली.

"बघा!" सर गाडीखालून आनंदाने ओरडले. "ठिसूळ! मी म्हटलं नव्हतं? ठिसूळ!"

"अहो, पण बाहेर या की!"

"आलो. पण आधी हे मान्य कर. ठिसूळच होता ना?"

आपली एखादी काळजी खरी ठरावी असा योग सरांच्या आयुष्यात क्वचितच आला होता. तो क्षण त्यांना काखेतून पाणी गळत असतानाही सोडवेना.

यापुढे खरा प्रश्न होता तो स्क्रू, बोल्ट, नट आणि क्लिपांचा. कुठला कशाचा हे लक्षात राहणार नाही, याबद्दल सरांची पक्की खात्री. (त्यांची पक्की खात्री असलेली ही एकमेव गोष्ट.) म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. घरात औषधाच्या गोळ्या ठेवायचे दोन डबे होते, एक त्यांचा आणि एक काकूंचा. प्रत्येकात वारांचे कप्पे. सरांनी आपल्या गोळ्या एका वाटीत काढल्या आणि डबा घेऊन अंगणात आले. पंख्याचे बोल्ट सोमवारात, वरच्या पट्टीचे मंगळवारात, पाइपांच्या क्लिपा बुधवारात, किरकोळ नट गुरुवारात. उलट्या क्रमाने लावत गेलं की सोमवारी गाडी तयार. डॉक्टरांनी ही पद्धत ऐकून सरांशी हस्तांदोलन केलं.

"पंखा सुटला का?"

"सुटतोय, सुटतोय. जरा हलतोय अजून."

"मग ओढू नका. पुढेमागे हलवा. दाढ कधी सरळ वर ओढायची नसते."

अशा रीतीने, पुढेमागे हलवत, जुना रेडिएटर सायंकाळी अखंड बाहेर आला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला. पाइपाच्या तोंडाशी केसासारखी चीर दिसत होती.

"फार दिवस काढले यानं या दुखण्यावर," ते हळवे होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दात घासत होते तेव्हा आतून काकूंचा आवाज आला.

"अहो! माझ्या गोळीला आटे आलेत!"

सर तसेच धावले. काकू हातात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या आणि तळहातावर एक छानसा गोल नट होता. दोन्ही डबे एकाच आकाराचे. सरांनी घाईत काकूंचाच उचलला होता. चष्मा न लावता काकूंनी सवयीने डबा उघडला, नट जिभेवर ठेवला, आणि तो कडू लागण्याऐवजी लोखंडी लागला म्हणून थांबल्या, नाहीतर पुढची सगळी हकिगत पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन पोचली असती.

"हा किरकोळ नट आहे," सर धीर देत म्हणाले. "काळजीचं कारण नाही."

"माझ्या गोळ्या कुठं आहेत?"

"वाटीत. माझ्या म्हणून मी काढल्या होत्या त्या."

"मग काल रात्री तुम्ही काय घेतलंत?"

सरांनी थोडा विचार केला. आदल्या रात्री त्यांना फार गाढ झोप लागली होती, आणि सकाळी उठल्यावर गुडघे अगदी हलके वाटत होते. ते त्यांनी सांगितलं नाही. गुरुवारचा नट त्यांनी नम्रपणे परत घेतला.

नवा रेडिएटर जागच्या जागी बसला. उलट्या क्रमाने सगळे कप्पे रिकामे होत गेले. शेवटचा बोल्ट घट्ट करून सरांनी डबा पालथा केला, आणि दोनदा झटकून पाहिला.

"डॉक्टर, काहीच उरलं नाही."

"मग उत्तमच की!"

"उत्तम कसं? जगात आजवर कुणी काही उघडलं आणि परत लावलं की एकतरी स्क्रू उरतोच. आपला उरला नाही. म्हणजे कुठेतरी एक जास्तीचा बसला आहे."

डॉक्टरांनी आरसा घालून सगळीकडे पाहिलं. जास्तीचा स्क्रू सापडला नाही, म्हणून सरांची काळजी मिटली नाही. उलट तो चांगलाच लपला आहे, एवढंच त्यांना सिद्ध झालेलं दिसलं.

मग नवं पाणी आणि कूलंट ओतायचं होतं. सूचना अशी होती, की झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण लावून, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू द्यावं. म्हणजे आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. काकूंनी गाडी सुरू केली. तापमानाचा काटा खालून वर सरकू लागला. सर त्याच्याकडे बघत होते. बुडबुडे येऊ लागले. काटा आणखी सरकला.

"बंद कर!" सर ओरडले.

"अहो, पण तापायला पाहिजे ना?"

"तापली की! आणखी तापून काय व्हायचं आहे? नवा रेडिएटर आहे, पहिल्याच दिवशी कशाला त्रास द्यायचा?"

गाडी बंद झाली. झाकण लागलं. हवा आतच राहिली. चूक झाली असेल तर ती इथं झाली, आणि ती निष्काळजीपणाने झाली नाही, काळजीने झाली. सरांच्या आयुष्यातल्या बहुतेक चुका अशाच काळजीपूर्वक झालेल्या होत्या.

कॉलनीतल्या दोन फेऱ्या झकास झाल्या. सर रविवारची वाट पाहू लागले.

रविवारी सकाळी दारात लेक उभी. "आज मीपण येते माईकडे. बघूच तुमची गाडी चढ कशी चढते ते."

रेडिएटर बदलल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं तर ती पहिला प्रश्न विचारणार, 'कल्पना कुणाची?' आणि त्याचं उत्तर, आपण पाहिलंच, कुणालाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टरही बॅग घेऊन हजर झाले. "मीही येतो म्हणतो. माईंच्या दातांकडे जरा बघायचं होतं."

"माईला दात कुठं आहेत?" लेक म्हणाली.

"मग कवळी तरी बघतो," डॉक्टर म्हणाले आणि मागच्या सीटवर बसलेसुद्धा.

उन्हाळा ऐन भरात होता. डांबर मऊ झालं होतं, झाडांची पानं तव्यावर टाकल्यासारखी आक्रसली होती. पायथ्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. लेक मागून "एसी लाव ना गं आई" म्हणाली, काकूंनी लावला, आणि सर काट्याकडे बघत बसले. चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर काटा मध्यावर होता. दुसऱ्या वळणावर मध्यावरच होता, पण सरांना त्याची नियत ठीक दिसेना. तिसऱ्या वळणावर तो उठला आणि सभेतून निघालेल्या माणसासारखा गुपचूप लाल खुणेकडे चालू लागला.

सरांना घाम फुटला. गाडी थांबवावी, तर मागे न्यायाधीश बसलेली. रस्त्यात उभी राहिली की निकाल ठरलेला: गिऱ्हाईक, विक्री, आणि माईंच्या दारात कधीतरी धूमकेतू. न थांबवावी, तर इंजिन शिजणार. अमुक केलं तर तमुक, अमुक न केलं तरी तमुकच. शेवटचा एक उपाय त्यांनी कुठेतरी वाचला होता. हीटर पूर्ण लावला, की इंजिनातली उष्णता माणसांच्या अंगावर येते आणि इंजिनाला तेवढाच दिलासा मिळतो.

सरांनी एसी बंद केला आणि हीटरची मूठ शेवटपर्यंत फिरवली.

"बाबा, हे काय करताय?"

"थंडी," सर म्हणाले. "थंडी वाजते आहे जरा."

"थंडी?" लेक पुढे वाकली. तिने सरांच्या कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्हाला घाम येतोय!"

"गार घाम आहे तो."

लेकीचा चेहरा उतरला. "आई, गाडी वळव! बाबांना काहीतरी होतंय. आधी डॉक्टरकडे चल."

"मी आहे ना," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही दातांचे!"

"दातसुद्धा थंडीनेच वाजतात," डॉक्टर दुखावल्या आवाजात म्हणाले.

काकूंनी एकवार सरांकडे पाहिलं. मग त्यांची नजर खाली काट्यावर गेली. काटा लाल खुणेला टेकायच्या बेतात होता. काकूंनी पुन्हा सरांकडे पाहिलं. या नजरेत इतक्या वर्षांचा संसार होता, आणि शिवाय 'मला आधी सांगायला काय झालं होतं?' हाही प्रश्न होता. मग त्यांनी सीटच्या पाठीवरची शाल, जी त्या माईंसाठी घेऊन चालल्या होत्या, ओढली आणि सरांच्या मांडीवर टाकली.

"पांघरा," त्या म्हणाल्या. "मलाही जरा गारवाच वाटतोय सकाळपासून."

सरांनी शाल पांघरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (ते घामाचं असण्याची शक्यता नाकारता येत नाही.)

मागून कडकड आवाज येऊ लागला. डॉक्टरांनीही काटा पाहिला होता, आणि ते अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने दात वाजवत होते. आधी दाढा, मग पुढचे.

"काका, तुम्हालाही?" लेक किंचाळली. "तिघांना एकदम? काय खाल्लंत तुम्ही?"

हीटरमधून आधी नुसतीच कोमट हवा येत होती. मग डॅशबोर्डच्या आत कुठेतरी, मोठ्या माणसाला ढेकर यावा तसा गुडगुड आवाज झाला, आणि झोत आला. तो झोत नव्हता, ती भट्टी होती. सरांच्या भुवया वाळल्यासारख्या वाटल्या. चष्म्याच्या दांड्या तापल्या. काकूंचा पदर ओला होऊन पाठीला चिकटला. डॉक्टरांचे दात आता भीतीनेच वाजत असावेत. आणि काटा थांबला, जरा घुटमळला, आणि वर्गात चुकून आलेल्या विद्यार्थ्यासारखा मान खाली घालून मध्यावर परत आला. अडकलेली हवा सुटली होती.

"वा!" सर ओरडले.

"काय वा?"

"उबदार वाटलं."

"मग आता बंद करा हीटर!"

सरांचा हात मुठीकडे गेला आणि थांबला. बंद केल्यावर काटा पुन्हा उठला तर? "राहू दे अजून थोडा," ते क्षीण आवाजात म्हणाले. "हाडात शिरलीय थंडी."

चढ संपेपर्यंत हीटर चालू राहिला.

माईंच्या फाटकापाशी गाडी वाटेत न थांबता, न वाफाळता, रुबाबात उभी राहिली. आतून चार माणसं उतरली ती नदीतून निघाल्यासारखी. माई व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांनी चौघांकडे निरखून पाहिलं.

"पोहायला गेला होता?" त्यांनी काकूंना विचारलं. "मला न घेता?"

आणि मग, काकू जवळ जाताच, "बस. पत्ते पिस. गेल्या वेळी तू लबाडी केलीस."

"मी? मी केली?" काकू ओल्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांना बसावंच लागलं.

परतीचा रस्ता उताराचा. काटा मध्यावर ध्यान लावून बसला होता. घरी पोचल्यावर लेकीने निकाल दिला.

"गाडी ठीक आहे. गाडीचं काही नाही. बाबा, प्रश्न तुमचा आहे. एवढ्या उन्हात थंडी वाजते म्हणजे साधी गोष्ट नाही. उद्या मी रजा काढते. सगळ्या तपासण्या करायच्या."

"माझ्या?"

"मग काय गाडीच्या?"

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोळ्यांनीच सांगितलं, जा. डॉक्टरांनी कुंपणावरून सांगितलं, जा. खरं सांगावं, तर गाडी जाणार. न सांगावं, तर रक्त जाणार. दुसऱ्या दिवशी सर तपासणी केंद्रात गेले. त्यांचं रक्त उपाशीपोटी घेतलं, भरल्यापोटी घेतलं. छातीचा फोटो काढला, पोटाचा काढला. छातीला वायरी लावून त्यांना चालत्या पट्ट्यावर चालवलं. त्या पट्ट्यावर धापा टाकताना आपल्यालाही चढ लागला आहे आणि आपल्याला हीटर नाही, असं सरांना वाटून गेलं. पण ते एक शब्द बोलले नाहीत. माईंचा डाव पुढे कितीतरी रविवार चालू राहिला, तो या मौनावर, असा सरांचा समज होता. तो त्यांनी आपल्यापुरता जपून ठेवला होता.

आता माई नाहीत. काकूंनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हा ती गाडीही वस्तादाच्या ओळखीने एका होतकरू माणसाकडे गेली. मध्ये बरीच वर्षं उलटली. परवा सर लेकीच्या नव्या गाडीत पुढे बसले होते. एसी जोरात होता. सरांनी खांदे आकसले.

"थंडी वाजतेय बाबा?" लेक म्हणाली, आणि एकदम खो खो हसायला लागली.

सरांना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. रेडिएटर, टब, नट, काटा, हीटर. लेक रस्त्याकडे बघत ऐकत होती.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "थंडीने कुडकुडणाऱ्या तीन माणसांनी आपापल्या खिडकीची काच खाली घेतली होती. तुमची तर मानही बाहेर होती."

सर तिच्याकडे वळले. "म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?"

"तिसऱ्या वळणावर. काटा मलाही दिसत होता की."

"मग विकली का नाहीस गाडी?"

"जिच्यासाठी तीन म्हातारी माणसं भर उन्हात हीटर लावून बसतात, ती विकायची कशी?"

सर हेलावले. मग त्यांच्यातला तर्कशास्त्री जागा झाला.

"मग त्या तपासण्या कशाला केल्यास?"

"मला वाटलं, सुई बघितली की तरी खरं सांगाल. मी वाट बघत होते. तुम्ही त्या नर्सला म्हणालात, जरा पंखा बंद करता का, गार लागतंय."

"मी असं म्हणालो?" सरांचा विश्वास बसेना. आपण खोटं बोललो असू, पण इतकं सुसंगत?

घरी आल्याआल्या त्यांनी काकूंना गाठलं. काकूही त्या दिवशी बरोबर होत्या.

"मी त्या नर्सला पंखा बंद करायला सांगितलं होतं?"

"हो तर. आणि तिने केलाही बिचारीने. खोलीभर माणसं रुमालाने वारा घेत होती, तुम्ही शाल पांघरून बसला होतात."

"आणि तपासण्यांत? काही निघालं होतं का शेवटी?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "तिथले डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे. फक्त पेशंटला घाम फार येतो."